पी०४२० आणि आमचे सात आठवडे

फेब्रुवारीत डीएमव्हीचं (इथलं आरटीओ म्हणा) पत्र आलं की रजिस्ट्रेशन रिन्यू करा आणि यंदा स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, लागेल. आम्ही फ्रीमॉन्टला राहतो, कॅलिफोर्नियात. गाडी २०११ ची जपानी सेडान, दीड लाख मैल झालेली, इकडे आल्यावर घेतलेली पहिली गाडी त्यामुळे जीव आहे तिच्यावर. आणि नेमकं पत्र आलं त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर चेक इंजिनची पिवळी लाईट लागली. लाईट लागलेली असली की स्मॉग चेकमध्ये गाडी सरळ नापास, त्यात चर्चाच नाही.

नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र संध्याकाळी त्याचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं (१९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक पेट्रोल कारला आहे ते) त्यात लावला, मोबाईलवर कोड आला पी०४२०. म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टच्या पाईपमधला धूर साफ करणारा भाग, थोडक्यात कॅटकॉन) कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलीय. मित्र म्हणाला, पुसून टाकू, उद्या सकाळी जाऊन स्मॉग करून ये, परत लागायच्या आत. आणि मी हो म्हणलं. या सगळ्या प्रकरणात माझी सगळ्यात मोठी चूक ती, कारण कोडबरोबर गाडीने त्या क्षणी नोंदवून ठेवलेली माहितीपण जाते, किती स्पीड होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, सगळं. पुरावाच पुसला आम्ही.

दुसऱ्या दिवशी स्मॉग स्टेशनला गेले. आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात ना, तसं इकडे २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना करत नाहीत. चावी फिरवून इंजिन चालू न करता चेक इंजिनची लाईट लागते का ते बघतात (बल्बच काढून ठेवलेला नाही ना म्हणून), पेट्रोलचं झाकण बघतात, खाली वाकून पार्ट जागेवर आहेत का बघतात, धूर बघतात, आणि त्याच सॉकेटला त्यांची केबल लावून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. तो माणूस दोन मिनिटांत म्हणाला, तुझ्या गाडीचे मॉनिटर अपूर्ण आहेत, टेस्ट होणार नाही. मी म्हणलं लाईट तर नाहीये. तो म्हणाला लाईट नाहीये कारण कॉम्प्युटरने अजून काही तपासलेलंच नाहीये.

हे मॉनिटर प्रकरण मला माहीतच नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आणि गाडीत इतकी वर्षं एक अख्खी टेस्ट सूट रोज चालते आणि आपल्याला पत्ता नाही याचं मला खरंच फार वाटलं. इंजिनचा कॉम्प्युटर काही गोष्टी सतत बघत असतो, मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), इंधनाचं प्रमाण, वायरिंग. पण काही तपासण्या तो ठरावीक परिस्थिती जुळून आली तरच करतो, ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, कॅटलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलच्या टाकीतली वाफ गळते का ते. कोड पुसला किंवा बॅटरी काढली की हे सगळं कोरं होतं आणि पहिल्यापासून सुरू. कॅलिफोर्नियाचा नियम असा की २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त तो वाफेचा मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण हवेत.

घरी येऊन मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाचं सांगलीला गॅरेज आहे, तीस वर्षं झाली, लहानपणी सुट्टीत मी तिथंच पाने मोजून डब्यात लावायचे. सगळं सांगितलं, इथल्या एका गॅरेजवाल्याने नुसता कोडचा आकडा ऐकून पाच मिनिटांत २,१०० डॉलर सांगितले तेपण सांगितलं. मामा म्हणाला, "अगं, कोड म्हणजे आजाराचं नाव न्हवं. ताप आलाय एवढंच सांगतंय ते. आधी गळती बघ, मग सेन्सर बघ, कॅटकॉनला सगळ्यात शेवटी हात लाव." त्याच्याकडे आता एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या येतात, त्यांतपण हेच, कॅटकॉनच्या पुढं एक सेन्सर, मागं एक.

मग मी वाचत बसले. आणि जे समजलं ते इथं जरा सविस्तर लिहिते कारण हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

कॅटकॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे झिर्कोनियाची (एक प्रकारचं सिरॅमिक) एक छोटी टोपी असते, अंगठ्याच्या टोकाएवढी. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितकं व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन उरलेला असेल, म्हणजे मिश्रण पातळ, तर साधारण ०.१ व्होल्ट, आणि पेट्रोल जास्त झालं, ऑक्सिजन संपला, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. मधे जवळजवळ काही नाहीच, एका ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हा जो नेमका बिंदू आहे तिथं ते व्होल्टेज धाडकन उडी मारतं. बॉशचा असा सेन्सर १९७६ साली पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत आला आणि ती गाडी कॅलिफोर्नियाच्या बाजारासाठीच होती, म्हणजे हे सगळं इथूनच सुरू झालं म्हणा. हा सेन्सर थंड असताना मुका असतो, तीनेकशे डिग्रीच्या वर तापला की बोलायला लागतो, म्हणून त्याच्यात हीटर असतो आणि कॉम्प्युटर आधी त्या हीटरचा करंट तपासतो. माझ्या गाडीत सगळ्यात पहिल्यांदा हाच मॉनिटर पूर्ण झाला, दुसऱ्याच दिवशी.

त्यानंतर सेन्सरची तपासणी. आपण ॲक्सिलरेटर सोडून उतारावरून गाडी सोडली की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते, तेव्हा मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पडलं पाहिजे. परत पाय दाबला की चढलं पाहिजे. पडायला आणि चढायला किती वेळ लागतो तेपण मोजतो. जो सेन्सर मधेच अडकून बसतो किंवा सुस्तावलेला असतो तो इथं पकडला जातो. आणि हे आधी का, तर पुढं कॅटकॉनची परीक्षा याच सेन्सरच्या भरवशावर घ्यायचीय. आधी तराजू तपासायचा, मग माल तोलायचा.

आता कॅटकॉन. मला वाटायचं कॉम्प्युटर धूर किती घाण आहे ते मोजत असणार. अजिबात नाही, गाडीत तसलं काही यंत्रच नाही. तो एक वेगळीच गोष्ट मोजतो. कॅटकॉनमध्ये सिरॅमिकची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप, आणि त्या लेपात सिरियम ऑक्साईड. हे सिरियम ऑक्साईड ऑक्सिजन जास्त आला की साठवतं आणि कमी पडला की सोडतं. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं. महापालिकेचं पाणी येतं जातं, पण टाकी चांगली असेल तर नळाला धार एकसारखी. टाकीत गाळ साचला तर पाणी गेलं की पाचव्या मिनिटाला नळ कोरडा. पुढचा सेन्सर म्हणजे महापालिकेची लाईन, मागचा सेन्सर म्हणजे नळ. कॅटकॉन धडधाकट असेल तर पुढं कितीही वरखाली होवो, मागचं व्होल्टेज ०.६-०.७ ला शांत. जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर नुसतं मागचा सेन्सर पुढच्याच्या मानाने किती वेळा हलतो ते मोजायचा. माझ्या गाडीत तो मुद्दाम थोडा वेळ पेट्रोल जास्त देतो, मग मुद्दाम कमी देतो, आणि मागच्या सेन्सरला ते कळायला किती वेळ लागतो ते बघतो. त्यावरून साठवण किती राहिलीय त्याचा आकडा काढतो. साठवण कमी म्हणजे लेप म्हातारा झाला म्हणजे धूरपण नीट साफ होत नसणार, असा हिशेब.

फक्त हे करायला त्याला निवांतपणा लागतो. इंजिन पूर्ण तापलेलं, कॅटकॉन तापलेला, दुसरा कोणता कोड नको, आणि दहाएक मिनिटं एकसारखा स्पीड, तासाला ४०-७० मैलांच्या दरम्यान. माझं ऑफिसला जाणं म्हणजे सकाळी आठला ८८० हायवे, तिथं एकसारखा स्पीड दीड मिनिटसुद्धा मिळत नाही. आठवडाभर रोज गाडी चालवून हीटर झाला, सेन्सर झाला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) झाला, कॅटलिस्टसमोर, म्हणजे कॅटकॉनच्या मॉनिटरसमोर, आपलं "अपूर्ण" ते "अपूर्ण"च.

मग रविवारी सहाला उठून निघालो. आई तेव्हा इकडे आलेली होती, तिला लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात जायचंच होतं. ६८० ने मिशन पासचा चढ, मग सुनोलकडे लांब उतार, पुढं ५८०. नवरा शेजारी मोबाईलवर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज वाचत होता. सुनोलच्या उतारावर मी पाय काढला, तो म्हणाला ०.६, ०.३, ०.०५, पडलं. खाली आल्यावर पाय दाबला, ०.८. म्हणजे सेन्सर चांगला आहे, मामाच्या यादीतली एक गोष्ट खोडली. पुढं ५८० वर ५५ मैलांवर क्रूझ कंट्रोल लावून ठेवला. आई मागून म्हणाली, "अगं सगळे तुला मागं टाकून चाललेत." आणि शेजारी हा वाचतोय ०.७, ०.२, ०.७५, ०.१५, ०.८. शांत राहायला पाहिजे तो सेन्सर नुसता नाचत होता. नळाला धार नव्हती. मला तिथंच पोटात खड्डा पडला.

मंदिराच्या पार्किंगमध्ये स्कॅनर परत बघितला, पी०४२० आलेला होता, पण "पेंडिंग" म्हणून. कॅटकॉनसारख्या गोष्टीत कॉम्प्युटर एका तपासणीवर दोषी ठरवत नाही, लागोपाठ दुसऱ्या फेरीतपण नापास झाला तरच लाईट लावतो. नवऱ्याचा मित्र फोनवर म्हणाला, मग आत्ताच पळा, लाईट लागायच्या आत स्मॉग करून घ्या. मी यादी बघितली तर कॅटलिस्ट अजून "अपूर्ण"च. तपासणी झाली, नापास झाली, पण दुसऱ्यांदा नापास होऊन निकाल पक्का होईपर्यंत तो पूर्ण दाखवतच नाही, आणि पक्का झाला की लाईट लागलेलीच असते. ही फट ज्यांनी बुजवली त्यांनी फार विचार करून बुजवलीय. आणखी एक म्हणजे पर्मनंट कोड. एकदा लाईट लागली की तो कोड आत वेगळ्या जागी लिहिला जातो, स्कॅनरने पुसता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. तपासणी खरोखर पास झाली की गाडी स्वतः पुसते. जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये तोही बघतात. शेवटचं पुसल्यापासून इंजिन पंधरा वेळा थंड होऊन तापलं आणि २०० मैल गाडी चालली तरच तो सोडून देतात.

आता गळती. मामाने सांगितलं होतं की इंजिन थंडगार असताना सकाळी पहिल्यांदा चालू कर आणि बॉनेट उघडून कान दे. कॅटकॉनच्या आधी कुठं फट असेल तर धूर बाहेर येतोच पण धुराच्या दोन लाटांमधे बाहेरची हवापण आत ओढली जाते, आणि मागच्या सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला. नवऱ्याने चालू केली, मी वाकले, टिक टिक टिक असा बारीक आवाज, मशीनच्या सुईसारखा. मग गरम झाल्यावर आवाज गेला, लोखंड फुगून फट बंद होते. परत थंड झाल्यावर टॉर्च लावून बघितलं तर मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा भाग) आणि पुढच्या पाईपच्या जोडावर काजळीचा काळा ओघळ, बोटाएवढा, बाकी सगळं गंजाचं तपकिरी आणि तेवढंच काळं. मी फोटो काढून मामाला पाठवला, त्याचा नुसता अंगठा आला.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गॅस्केट आणि दोन बोल्ट बदलून घेतले, थोडक्यात झालं. आणि त्याच वेळी मी एक गोष्ट शिकले ती म्हणजे मोड सिक्स. कोड म्हणजे नुसता निकाल, पास का नापास. मोड सिक्स म्हणजे मार्कशीट. प्रत्येक तपासणीत किती आकडा आला आणि कमीत कमी किती हवा होता ते तिथं लिहिलेलं असतं, चांगल्या ॲपमध्ये दिसतं. गळती काढायच्या आधी आमच्या कॅटकॉनचा आकडा ०.१३ होता, पासिंग ०.२५. गळती काढून परत लिव्हरमोरची फेरी मारली. ०.१७.

वाढला, पण नापासच. मी दोन दिवस तो आकडा परत परत काढून बघत होते. गळती खरी होती, तिचा वाटाही होता, पण कॅटकॉन खरंच गेला होता. आणि मग आठवलं की नोव्हेंबरमध्ये पावसात गाडी सिग्नलला थरथरायची आणि चेक इंजिनची लाईट नुसती लागत नव्हती, लुकलुकत होती. तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर होता, इग्निशन कॉईल गेलेली. ती बदलली आम्ही, पण तीन आठवड्यांनी, दिवाळीची गडबड, आईचा व्हिसा, राहून गेलं. लाईट लुकलुकते याचा अर्थच तो आहे की आत्ता, या क्षणी, कॅटकॉन जळतोय. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमधून तसंच पुढं जातं आणि कॅटकॉनमध्ये पेटतं, तापमान इतकं चढतं की जाळी वितळते. स्थिर लाईट लागली तर सवडीने दाखवलं तरी चालतं एकवेळ, लुकलुकली तर बाजूला घ्यायची गाडी. हे मला कोणी नोव्हेंबरमध्ये सांगायला पाहिजे होतं, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय खरं तर.

मूळ कॅटकॉनला इकडे कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते, आमची कधीच संपलेली. नवीन घेताना कॅलिफोर्नियात कुठलाही चालत नाही, एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजूर केलेलाच लागतो, त्याच्या कवचावर मंजुरीचा ईओ नंबर आणि वायू कुठून कुठं जाणार त्याचा बाण कोरलेला असतो, स्मॉगवाला खाली वाकून तो नंबर बघू शकतो. ऑनलाईन तीनशे डॉलरला दिसतात ते इथं लावता येत नाहीत. मंजूर असलेल्यात लेप जास्त, त्यामुळे महाग. बसवणीसकट १,६५० झाले. त्याला ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी आहे.

जुना काढला तेव्हा मी तिथंच थांबले होते. मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवला. एका बाजूची जाळी व्यवस्थित, चौकोनी बारीक भोकं, आणि मधे रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भाग वितळून काचेसारखा चकचकीत झालेला, भोकं बुजलेली. हलवला तर आत तुकडा वाजायचा. मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तो बराच वेळ बघत होता, म्हणाला, "कॉईलला उशीर केलास बाळा."

मग परत कोड पुसला, या वेळी कारण होतं म्हणून. परत सगळे मॉनिटर कोरे, परत थंड इंजिनवरून सुरुवात. पण आता मला माहीत होतं काय करायचं ते. रात्रभर गाडी उभी, टाकी अर्धी, सकाळी चालू करून दोन-तीन मिनिटं तशीच, मग ६८०, सुनोलचा उतार, ५८० वर ५५ चा क्रूझ. पहिल्याच रविवारी हीटर, सेन्सर झाले आणि मागचं व्होल्टेज ०.६८, ०.६९, ०.६८. नवरा वाचायचा थांबला, म्हणाला हलतच नाहीये, काय वाचू. आई मागे जप करत होती. घराजवळ आलो तेव्हा कॅटलिस्ट "पूर्ण", मोड सिक्समध्ये ०.६१. पर्मनंट कोड मात्र तसाच होता, तो अजून दोन-तीन दिवस रोजच्या चालवण्यात राहिला आणि बुधवारी रात्री बघितलं तर गेलेला.

गुरुवारी त्याच स्मॉग स्टेशनला गेले. वाफेचा मॉनिटर अपूर्ण होता, तेवढा चालतो. केबल लावली, पास, सर्टिफिकेट तिथूनच डीएमव्हीला गेलं. रजिस्ट्रेशनची फी मी आधीच मुदतीत भरून ठेवली होती, स्मॉग राहिला असला तरी फी वेळेत भरली तर दंड लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. दहा दिवसांनी नंबर प्लेटचा स्टिकर पोस्टाने आला.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवलीय आता. तेल बदललं की मोड सिक्सचा तो आकडा त्यात लिहिते. परवा ०.६० होता.